भावजींची नजर आणि लिफ्टवाल्याची गिटार

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती-पॉलिश करणारे. मी या घरात आले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि मी बावीसची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे एक स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाले, याचा एक पाय नवा बसवलाय, कोणता ते सांगा. मी स्टूल उलटं केलं, सुलटं केलं, नखाने खरवडलं, वाससुद्धा घेतला. चारही पाय सख्ख्या भावांसारखे. शेवटी अंदाजाने एकावर बोट ठेवलं, ते चुकलं, आणि भावजी दिवसभर शीळ घालत फिरले.

तेव्हापासून ती पद्धतच पडली. पॉलिशचं कुठलंही काम पुरं झालं की गिऱ्हाइकाला निरोप जाण्याआधी मला हाक यायची. हातातलं टाकून मागच्या खोलीत जायचं, खिडकीपाशी वस्तू ठेवलेली असायची, आणि नवं कुठलं, जुनं कुठलं ते मी शोधायचं. सापडलं तर काम परत. नाही सापडलं तर निरोप. मी चार बुकं शिकलेली बाई, पण त्या खोलीत माझा शब्द शेवटचा होता. आमचे हे हयात होते तेव्हा म्हणायचे, घरात माझं कुणी ऐकत नाही आणि तुझ्यावाचून याचं टेबल हलत नाही.

भावजींनी लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचे, जोड दिसणार नाही अशी मिळाली तर बघू. विषय काढणारे दमले, म्हातारे झाले, काही गेलेसुद्धा. भावजी आपले मागच्या खोलीत. वर पत्रा, एक खिडकी, फळीवर काचेच्या बरण्या, बरण्यांत स्पिरिटमध्ये भिजत घातलेला चपडा. हा चपडा म्हणजे लाख, आणि तिच्यापासून होतं पॉलिश. त्याचा मधासारखा रंग भावजींच्या बोटांना मनगटापर्यंत असा बसला होता की हात धुऊन जेवायला बसले तरी सूनबाई म्हणायची, भावजीकाका, हात धुतलेत ना?

आता जे सांगायचं त्याची सुरुवात तीन वर्षांपूर्वीची. शाळेतल्या एका बाईंच्या कपाटाला नवं दार बसवलं होतं. भावजींनी रंगवलं, मला हाक मारली. मी खोलीच्या दारातूनच ओळखलं. कपाट चहासारखं आणि दार दुधासारखं. मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसून बोट ठेवलं. ते म्हणाले, कुठे? मी म्हटलं, अहो हे काय, अख्खं दार. ते जवळ गेले, लांब गेले, मान तिरकी केली. मग आणखी एक हात मारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक, पुन्हा तेच. चार दिवसांत त्या दारावर नऊ हात बसले, कधी फिकट, कधी भडक, आणि चौथ्या दिवशी भावजी जमिनीवर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही काय म्हणताय ते मला दिसतच नाहीये."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही. डॉक्टरकडे डोळे दाखवू या, असं मी म्हटलं तर आतून सुईदोरा घेऊन आले आणि माझ्यासमोर चष्म्याशिवाय दोरा ओवून दाखवला. जवळचं त्यांना खरंच लख्ख दिसायचं, उलट वाचायचा चष्माही सुटला होता. बोलायला जागाच ठेवली नाही. मग त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत गेले, दाराकडे बघितलं, जरा वेळ लावला आणि म्हटलं, आता नाही हो सापडत.

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. जेवले, वर दोन घास जास्त. शाळेच्या बाईंनी कपाट नेलं, पुन्हा कधी आल्या नाहीत. मी म्हटलं, एका बाईचं कपाट काय घेऊन बसायचं. पण मग दुसरी हाक आली, तिसरी आली, आणि माझ्या तोंडात तेच वाक्य बसून गेलं. कामं कमी झाली. ते म्हणायचे, लोकांना हल्ली सगळं नवंच पाहिजे. मी म्हणायचे, हो ना.

असं चाललं असताना लिफ्टवाला आला.

उंच, जरा वाकलेला, पन्नाशीचा माणूस. दिवसा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा म्हणून आमच्यात त्याचं नाव लिफ्टवाला पडलं. पाठीवर लांबलचक काळी पिशवी होती. सूनबाई दारातून आत आली आणि हळूच म्हणाली, आई, बंदूक वाटतेय. पिशवीतून गिटार निघाली. गिटार म्हणजे आपण बघतो ती पोकळ पोटाची नव्हे. ही भरीव लाकडाची, विजेवर चालणारी, आणि तारा फक्त चार, कपडे वाळत घालायच्या तारेएवढ्या जाड. तिला बेस म्हणतात. तिचा आवाज कानाला नाही, पोटाला ऐकू येतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग माझ्या उपयोगाची आहे, कान जुने झालेत, पोट शाबूत आहे. तो छान हसला.

सव्वीस वर्षं तो ती वाजवत होता, संध्याकाळी, तीन मित्रांबरोबर, लहानसहान कार्यक्रमांत. तिची मान पिळवटली होती. म्हणजे लांब दांडा असतो ना, ज्यावर बोटं फिरवतात, त्याला पीळ पडला होता. म्हणून त्याने नवी मान आणली आणि स्वतःच चार स्क्रूंनी बसवली. तारा पिळायच्या खुंट्याही नव्या घातल्या. आवाज पहिल्यासारखा आला. पण धड सव्वीस वर्षांत पिकून मधासारखं झालेलं, आणि मान सोललेल्या बटाट्यासारखी पांढरी. खुंट्या चकचकीत, आणि धडावरचं बाकीचं लोखंड विटलेलं.

"दुसऱ्याचंच मुंडकं बसवल्यासारखं वाटतं हो काका," तो म्हणाला. "वाजवताना खाली बघवत नाही."

मग त्याने धडाच्या वरच्या कडेवर एक जागा दाखवली. तिथे वाजवताना त्याचा हात टेकायचा. रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं, तळहाताएवढं, गुळगुळीत. म्हणाला, धडाला काही करू नका, हे असंच राहू दे, फक्त मान याच्यापर्यंत आणून द्या. भावजी म्हणाले, धडाला मी कशाला हात लावतोय, आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात, घरात एक खडूस बाई आहे, तिला जोड सापडला नाही तरच गिटार परत मिळेल. लिफ्टवाल्याने माझ्याकडे बघून हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काम त्यांनी मनापासून केलं, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. खुंट्या काढून बारीक तारेच्या चोथ्याने घासघासून अशा विटवल्या की जुन्या लोखंडात मिसळून गेल्या. ते काम बोटांचं होतं, बोटं शहाणी होती. मग मान सोडवली, काचकागदाने घासली आणि चपड्यात बुडवलेला कापसाचा बोळा तिच्यावरून फिरवायला लागले, लांब, न थांबता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दोन हात झाले की मान खिडकीच्या गजाला तारेने टांगून ठेवायची. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आली. मी बघितलं. सोललेला बटाटा अर्धा तास उघडा राहिला तर जेवढा रंग बदलतो, तेवढी आली होती.

मी मूग गिळून उभी.

मान धडाला लावून ते मागे सरकले आणि त्यांचं काहीतरी बिनसलं. उजेड-अंधार त्यांना कळत होता, पिवळं-पांढरं कळत नव्हतं, हे मला आता समजतं. तेव्हा ते एवढंच म्हणाले की मान बरोबर आलीय, धडच मळकट दिसतंय. मी म्हटलं, धडाला हात लावू नका म्हणालाय तो. ते म्हणाले, रंगाला नको म्हणालाय, मळाला कोण नको म्हणेल, सव्वीस वर्षांचा घाम आहे हा. आणि बाटलीतलं जहाल काहीतरी कापसावर ओतून घासायला बसले.

कापूस मधाच्या रंगाचा झाला. तो त्यांनी माझ्या नाकासमोर धरला.

"बघा वहिनी, किती मळ."

मी जन्मभर कपडे धुतलेत. चादरी, कॉलरी, पोरांचे पायमोजे. मळाचा रंग मला माहीत आहे. तो मळ नव्हता. ते त्या लाकडाचं वय होतं आणि ते कापसावर निघून येत होतं. एक शब्द बोलले असते तर हात थांबला असता. पण तो शब्द म्हणजे, भावजी, तुम्हाला दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी बोलायचा तो शब्द आता कुठून काढायचा? आणि एकदा काढला की मागची सगळी कपाटं, सगळ्या खुर्च्या त्याच्यामागून येणार.

"हो, बराच आहे," मी म्हटलं.

दोन दिवस ते घासत होते. कापूस झाला, बारीक काचकागद झाला. हात टेकायची ती जागा त्यांनी भरून सपाट केली. म्हणाले, खड्डा होता, बुजवला. मी येता-जाता दारातून बघायची आणि स्वयंपाकघरात जाऊन तीच भांडी पुन्हा घासायची. सूनबाईने एकदा विचारलं, आई, बरं नाही का. मी म्हटलं, उन्हाने डोकं चढलंय. ढग आले होते.

मग हाक आली. खिडकीपाशी गिटार उभी होती. मधोमध फिकी, कडांना जुना पिवळा उरलेला, मार लागलेली जागा बरी होताना दिसते तशी. मानेचा पिवळा आणखी वेगळाच. भावजी हाताची घडी घालून उभे, ओठ दाबलेले, स्टूलवाला अठरा वर्षांचा मुलगा. मी जरा वेळ लावला. नाही सापडत म्हटलं.

लिफ्टवाला संध्याकाळी आला. त्याने गिटार घेतली, खांद्याला अडकवली, आणि त्याचा हात आपोआप त्या जागी गेला. तिथे ती जागा नव्हती. अंधाऱ्या खोलीत माणूस दिव्याचं बटण शोधतो तसा तो हात थोडा इकडे, थोडा तिकडे फिरला. भावजी समोरच उभे होते, सांगा बघू नवं कुठलं, असं म्हणत. त्याने माझ्याकडे बघितलं. मी चिंध्यांचा ढीग नीट करायला लागले.

"छान झालंय, काका," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "नाही सापडत."

असं त्यालाही मी माझ्या खोट्यात ओढलं.

दीडेक महिन्याने भावजींनी चहा कपाच्या शेजारी ओतला. त्याच आठवड्यात रस्ता ओलांडताना एका गाडीवाल्याने शिव्या घातल्या. आमच्या मुलाने मग काही ऐकलं नाही, उचलून दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पुरा पिकलेला. आधी उजवा करू, नंतर डावा, असं ठरलं. डॉक्टरीणबाई मला समजावून सांगत होत्या की यात माणूस वर्षानुवर्षं पिवळ्या काचेतून बघत असतो, आणि काच इतकी हळूहळू पिवळी होते की त्याला पत्ता लागत नाही. घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. मी मान डोलावली.

पट्टी काढली तेव्हा पहिली मीच समोर होते. भावजींनी डोळा मिचकावला, पुन्हा उघडला, आणि म्हणाले, "वहिनी, तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले?" मी म्हटलं, तुम्ही पॉलिश करत होतात तेव्हा. नर्ससुद्धा हसली. घरी येईपर्यंत त्यांची बडबड थांबेना. आकाश कुणी धुतलं, भिंत कधी रंगवली, सूनबाईचा तो राखाडी ड्रेस निळा होता होय. लहान पोराला खेळणं मिळावं तसं एक डोळा झाकायचे, मग दुसरा. हा जुना, हा नवा. जुन्यातून बशी चहाच्या रंगाची, नव्यातून पांढरी. सूनबाई हसून हसून बसली खाली. मी हसत होते आणि दिवस मोजत होते.

तिसऱ्या दिवशी ते मागच्या खोलीत गेले. प्रत्येक कामाच्या रंगाची एक लाकडी पट्टी ते ठेवायचे, पुढे कधी लागली तर. तासभर आतून आवाज नाही. मी दारापर्यंत गेले नाही. बाहेर आले तेव्हा शांत होते. म्हणाले, लिफ्टवाला राहतो कुठे?

दोघंच गेलो. तिसऱ्या मजल्यावर घर, आणि लिफ्ट बंद. जिन्यात मी म्हटलं, बघा, स्वतःच्याच इमारतीची करत नाही. एरवी यावर त्यांनी काहीतरी टाकलं असतं. ते कठडा धरून चढत राहिले.

लिफ्टवाला घरीच होता. आम्हाला बघून गडबडला, खुर्च्या पुढे केल्या, पाणी आणलं. भावजींनी पाणी घेतलं नाही. गिटार बघायची म्हणाले. ती कपाटामागे होती, पिशवीत. पिशवीवर धूळ होती. त्याने ती पटकन हाताने पुसली, पण आम्ही बघितली.

भावजींनी गिटार गॅलरीच्या दारात, उजेडात नेली. भिंतीला टेकवून उभी केली. तळहाताने उजवा डोळा झाकला, बघितलं. मग डावा झाकला, बघितलं. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मग वाकून हात टेकायच्या जागेवरून अंगठा फिरवला.

माझ्याकडे न वळताच विचारलं, "तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"कपाटापासून."

खाली रस्त्यावर कुणी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. लिफ्टवाला मध्ये पडला, बिचारा. म्हणाला, काका, वाजते अगदी तशीच, आवाजात काही फरक नाही. भावजी म्हणाले, आता मला दिसतंय, घेऊन जातो, पुन्हा करतो, मान तर नक्की येईल, धडाचं बघू. आणि गिटारीला हात घातला.

लिफ्टवाल्याचा हात आधीच पट्ट्यावर होता. त्याने तो काढला नाही.

"राहू द्या ना, काका," तो म्हणाला. अगदी हळू. "खरंच राहू द्या."

दोघं क्षणभर तशीच धरून उभे राहिले. मग भावजींनी हात सोडला. मी जवळ होते, दोघांच्या मध्ये, आणि मला करण्यासारखं काहीही नव्हतं. बोलले असते तर कोणत्या तोंडाने, आणि काय? वय तर बाटलीत भरून ठेवलेलं नव्हतं की परत फासावं. त्या लाकडाला पुन्हा पिकायला सव्वीस वर्षं लागणार. आम्हा तिघांपैकी कोण थांबणार आहे तोवर?

जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. मीच पडेन म्हणून. रागाने झिडकारलं असतं तर मी घरी येऊन चार आसवं गाळून मोकळी झाले असते. घरी आलो. जेवले, ताट उचललं, वहिनी तुम्ही बसा म्हणाले. आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं.

पुढच्या आठवड्यात ते एकेक घर धरून जाऊन आले. शाळेच्या बाईंकडे, खुर्चीवाल्याकडे, आणखी कुठे कुठे. सगळे चांगले लोक. चहा दिला, बसवलं, राहू द्या म्हणाले. शाळेच्या बाई म्हणाल्या, आम्हाला आता सवय झालीय. घरी येऊन भावजींनी ते मला जसंच्या तसं सांगितलं, कुत्सितपणे नाही, बातमी सांगावी तसं. मी वाट बघत होते की आता बोलतील, आता भांडतील. दिरा-भावजयीची आमची भांडणं उभ्या गल्लीने ऐकलेली आहेत. पण नाही.

फक्त एक सवय त्यांना लागली आहे. मी म्हटलं, दूध तापलंय, तर विचारतात, खरं? दार लावलं म्हटलं, तर, खरं? भाजीत मीठ बरोबर आहे का विचारतात, मी आहे म्हणते, आणि घास हातात धरून माझ्याकडे बघत राहतात. टोमणा असता तर मला परतवता आला असता, टोमण्यांत मी त्यांना कधी हार गेले नाही. पण तो टोमणा नाही. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं असतं. परवा त्यांचा सदरा वाळला म्हणून मी दोरीवरून काढून दिला, तर उलटसुलट करून तपासला, बाह्यांना हात लावून बघितला, मग घातला. सूनबाई बघत होती.

मागची खोली उघडतात, झाडतात, बंद करतात. बरण्यांतला चपडा घट्ट होत चाललाय. आता नव्या डोळ्याने काम होईल, रंगही बरोबर येईल, मुलगा म्हणतो कुणाला तरी सांगू का. ते म्हणतात, बघू.

डाव्या डोळ्याची तारीख गुरुवारची आहे. काल पिशवी भरत होते, टॉवेल, सदरा, कागद. मी पलंगाच्या कडेला बसले होते. ते घड्या घालता घालता म्हणाले, मागच्या वेळी काही दुखलं नव्हतं, या वेळी दुखेल का. डॉक्टरीणबाईंनी मला स्वतः सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांचं सारखंच असतं. मी म्हटलं, नाही हो, अजिबात नाही दुखणार.

त्यांनी टॉवेल खाली ठेवला. नवा डोळा माझ्यावर होता, स्वच्छ, आणि त्याला माझं सगळं दिसत असणार.

"खरं?" ते म्हणाले.

मी हो म्हटलं. ते बघतच राहिले. मी पुन्हा एकदा हो म्हटलं.